जुन्या नक्षीच्या पुस्तकातून लोगो घेतला तर ती चोरी होते का?

रेषारेषा (पुणे)

नमस्कार मंडळी, जरा पेचात सापडलेय म्हणून इथे विचारतेय, थोडं लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मी सहा वर्षं फ्रीलान्स ग्राफिक डिझाइन करते. कोल्हापूरकडचं एक कुटुंब आहे, तीन पिढ्या उदबत्तीचा धंदा, आजवर पुड्यावर नुसतं नाव आणि देवाचं चित्र असायचं. आता नातू ऑनलाइन विकायला लागलाय तर त्यांना नीट लोगो हवा होता. जुना वाटला पाहिजे आणि आपला वाटला पाहिजे, एवढंच त्यांचं सांगणं. मी ओवेन जोन्सचं 'द ग्रामर ऑफ ऑर्नमेंट' काढलं, १८५६ ला लंडनला निघालेलं, जगभरच्या नक्षीच्या शंभर रंगीत प्लेट असलेलं पुस्तक, कॉलेजात सरांनी पहिल्यांदा दाखवलं तेव्हापासून माझा जीव आहे त्याच्यावर. त्यात भारतीय नक्षीचं प्रकरण आहे, त्यातलं एक फूल मला फार आवडायचं. ते स्कॅनवरून ट्रेस केलं, दोन पाकळ्या कमी केल्या, खाली नाव टाकलं. घरातले सगळे खूश, आजोबांनी तर फोन करून आशीर्वाद दिला.

गेल्या आठवड्यात नातवाने सहज इमेज सर्च मारला. तेच फूल एका परदेशी चहाच्या डब्यावर, तेच एका योगाच्या क्लासच्या पाटीवर, आणि एका स्टॉक साइटवर तर पन्नास फुलांच्या सेटमध्ये. त्याचा मेसेज आला की तुम्ही नेटवरून उचललेली वस्तू आम्हाला नवी म्हणून विकलीत, पैसे परत करा. मी त्याला सांगितलं की हे दीडशे वर्षांहून जुनं पुस्तक आहे, सगळेच डिझायनर यातून घेतात, तर म्हणाला मग आमचं काय त्यात?

त्याचं ते शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाहीये. पैसे मी देईनही, पण मला खरंच समजून घ्यायचंय. लोगो येतात तरी कुठून? कोरं पान घेऊन बसलं की आकाशातून पडतात असं तर नाही, प्रत्येकजण काहीतरी बघूनच काढतो. मग बघणं कुठे संपतं आणि उचलणं कुठे सुरू होतं? ज्यांनी या कामात आयुष्य घातलंय त्यांनी प्लीज सांगा.

नोंदवही (ठाणे)

मी ट्रेडमार्क एजंटच्या ऑफिसात काम करतो, वकील नाही, पण रोज हेच कागद हातात असतात म्हणून कायद्यापुरतं सांगतो.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्राचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. ओवेन जोन्स गेला १८७४ ला. म्हणजे त्याच्या प्लेटवरून काढलं म्हणून तुमच्यावर कोणी चोरीचा दावा लावू शकत नाही. तेवढ्यापुरतं निश्चिंत राहा.

पण नातवाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो बरोबर आहे. त्याला चित्र नकोय, त्याला खूण हवीय. बाजारात शंभर पुडे मांडले तर हा आमचा असं गिऱ्हाइकाला लांबून कळलं पाहिजे, लोगोचं काम तेच. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेत, उदबत्ती त्यातल्या तिसऱ्या वर्गात येते, त्या वर्गात फुलं, कमळं, ज्योती यांची इतकी गर्दी आहे की सगळ्यांच्या वापरातलं फूल घेऊन गेलात तर यात तुमचं वेगळेपण काय असं रजिस्ट्रार विचारू शकतो. आणि नावासकट नोंद झाली तरी उद्या शेजारच्याने तेच फूल लावलं तर त्याला अडवायचं कशाच्या जोरावर? ज्या पुस्तकातून तुम्ही घेतलं त्यातूनच त्यानेही घेतलं म्हणेल, विषय संपला.

अजून एक, स्कॅन कुठून घेतला होता ते बघा. स्टॉक साइटची फाइल असेल तर तिची लायसनची अट वाचा, बऱ्याच साइट त्यांचं चित्र लोगो किंवा ट्रेडमार्क म्हणून वापरायला देत नाहीत. मूळ पुस्तक मोकळं असलं तरी त्यांनी तयार केलेल्या फाइलची अट निराळी असते.

खिळेजुळारी (गिरगाव)

ताई, मी जे.जे.तून कमर्शियल आर्ट करून बाहेर पडलो तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून दुपारची झोप सोडून टाइप करतोय.

आधी हे ऐका की पुस्तकातून घेणं यात पाप नाही. आमच्या गल्लीत ट्रेडल मशीनवाले, म्हणजे पायाने चालवायच्या छापयंत्रावर छापणारे होते, त्यांच्याकडे ब्लॉक, म्हणजे चित्रांचे छापायचे ठसे बनवणाऱ्यांची कॅटलॉगं असायची, गणपती, कलश, सनई, कोपऱ्याच्या वेली, सगळं नंबर टाकून. लग्नाची पत्रिका छापायला माणूस आला की कॅटलॉग पुढ्यात टाकायचे, तो बोट ठेवणार, ब्लॉक लागणार. एकाच मुहूर्तावरच्या दहा पत्रिकांवर तोच गणपती असला तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं कारण पत्रिका एका दिवसाची. धंद्याची खूण मात्र पन्नास वर्षं चालायची असते, तिथे हा हिशोब चालत नाही.

आणि मोठमोठे लोगो सुद्धा असेच कुठून तरी आलेत. कोकाकोलाचं नाव १८८६ ला कोणी लिहिलं, तर फ्रँक रॉबिन्सन म्हणून त्यांच्याकडे हिशोब बघणारा माणूस होता त्याने. अक्षर कुठलं, तर स्पेन्सरियन, त्या काळात अमेरिकेत पोरं आणि कारकून कित्ता गिरवून गिरवून जे अक्षर शिकत तेच. म्हणजे कित्त्याच्या वहीतलं अक्षर! पण त्याने दोन्ही सी ची शेपटं अशी काही फिरवली की ते अक्षर त्या बाटलीचंच झालं. स्टारबक्सची ती दोन शेपट्यांची जलपरी घ्या, १९७१ ला टेरी हेकलरने जुनी दर्यावर्दी पुस्तकं चाळताना सापडलेल्या चित्रावरून केली. तिथे कॉफी जहाजातून येणार, गाव सिएटल, बंदराचं, म्हणून तो समुद्राच्या पुस्तकांकडे गेला. पुस्तक उघडायच्या आधी त्याच्याकडे कारण होतं, मला वाटतं तुमचं घोडं इथे अडलंय. तुमच्याकडे आवड होती, कारण नव्हतं.

आता जोन्सबद्दल, कारण त्याच्यावर माझाही जीव आहे. हा माणूस १८३४ ला ज्यूल गूरी नावाच्या मित्राबरोबर स्पेनला अलहंब्रा या जुन्या राजवाड्याची नक्षी मोजायला गेला, मित्र तिथेच कॉलऱ्याने वारला, याने काम पुरं केलं. पुढे १८५१ चं लंडनचं मोठं प्रदर्शन झालं तिथे आपल्याकडची कापडं, जर, मिन्याची भांडी बघून तो इतका भारावला की आमच्या गिरण्यांच्या फुलाफुलांच्या मालापेक्षा हे कितीतरी सरस असं त्याने छापून सांगितलं. पुस्तकाच्या प्लेट त्याच्या विद्यार्थ्यांनी काढल्या, फ्रान्सिस बेडफर्ड आणि त्याच्या मदतनीसांनी त्या वर्षाच्या आत दगडावर चढवल्या. दगडाचं छापकाम म्हणजे रंगागणिक वेगळा दगड, म्हणून रंग सपाट, कड ठाम, सावली नाही. त्यामुळे ते फूल तुम्हाला दिसलं तेव्हाच अर्धा लोगो दिसत होतं, ट्रेस करायचा मोह होणारच. पण बघा ना, कापडावरून विद्यार्थ्याचा कागद, कागदावरून दगड, दगडावरून छपाई, छपाईवरून स्कॅन आणि त्यावरून तुम्ही. पाच हात फिरून आलेलं फूल ते, कोल्हापूरच्या घरातलं कसं वाटणार?

आणि गंमत बघा, त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला त्याने ३७ नियम दिलेत, त्यातला छत्तिसावा तुमच्या प्रश्नाचंच उत्तर आहे. जुन्या कामांमधली तत्त्वं आपली आहेत, त्यातून तयार झालेल्या वस्तू आपल्या नाहीत, असा त्याचा अर्थ. ज्याने शंभर प्लेट दिल्या त्यानेच उचलू नका म्हणून लिहून ठेवलंय. अकरावा नियमही वाचा, सगळ्या रेषा एका मूळ दांड्यातून निघाल्या पाहिजेत, कितीही लांबची नक्षी असो तिची फांदी आणि मूळ सापडलं पाहिजे. तेराव्यात तो सांगतो की फूल जसंच्या तसं काढू नका, फुलाचा बांधा काढा. म्हणून तर शेवटचं प्रकरण त्याने नुसत्या खऱ्या पानाफुलांना दिलंय, जुन्या नक्ष्यांनंतर परत झाडाकडे जा म्हणून.

आम्हाला एक सर होते ते प्लेट दहा मिनिटं बघू द्यायचे, मग पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे आता काढा. जे आठवायचं ते बांध्याचं असायचं, जे विसरायचं ते बारकावे. करून बघा.

तुमच्या घरवाल्यांना म्हणजे क्लायंटना एकच विचारा, पहिली उदबत्ती कुठल्या वासाची होती?

धोटा_आणि_कांडी (येवला)

काकांनी छान लिहिलंय. मी विणकराच्या घरातला, आई-वडील दोघंही पैठणी विणतात, मी मागावर बसतो आणि विणायच्या नक्षीचे चौकटीच्या कागदावर नकाशे पण काढतो, म्हणून मला जरा दुसऱ्या बाजूने सांगायचंय.

तुम्ही लोक ज्याला भारतीय नक्षी म्हणून पुस्तकात बघता ती कोणीतरी विणलेली असते आणि त्याचं नाव खाली कधीच नसतं. जोन्सने निदान प्रेमाने छापलं. १८६६ ला फोर्ब्स वॉटसनने काय केलं माहितेय का, भारतातून कापडं गोळा करून, कापून, ७०० नमुने १८ खंडांत चिकटवले, असे २० संच बनवले, १३ तिकडे ब्रिटनमध्ये दिले आणि ७ इकडे पाठवले. कशाला, तर तिकडच्या गिरणीवाल्यांना कळावं की हिंदुस्थानात काय खपतं आणि तसा माल यंत्रावर काढता यावा. खरं कापड कात्रीने कापून केलेलं नमुन्यांचं पुस्तक! आपल्या कोयरीला आज सगळं जग पेझ्ली म्हणतं, ते स्कॉटलंडमधल्या गावाचं नाव आहे, तिथे काश्मिरी शालींची नक्कल विणायचे. कोयरी आपली आणि नाव त्यांच्या गावाचं. म्हणून जुन्या पुस्तकातून घेतलं तर कोणाचं काय गेलं असं कोणी म्हटलं की माझ्या पोटात तुटतं.

ताई तुम्हाला दोष देत नाहीये. मी एवढंच म्हणतोय की पुस्तकाच्या मागे जा. पैठणीचा मोर घ्या. आमच्याकडे पदराच्या मोराला प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते, एका रंगाचा धागा जिथे संपतो तिथे दुसऱ्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवायचा, म्हणून मोराची मान जवळून बघितली तर गोल नसतेच, पायऱ्या पायऱ्यांची असते, एक धागा वर एक धागा आत अशी चढत जाते. हातची पैठणी उलटीकडून बघा, मोर तसाच दिसतो, लोंबते धागे नाहीत. त्या पायऱ्या ही चूक नाही, तो आमचा हात आहे. आणि डिझायनर लोक काय करतात, मोर स्कॅन करतात आणि कॉम्प्युटरवर पहिली गोष्ट कुठली तर त्या पायऱ्या घासून गुळगुळीत करतात. झालं, मोर कुठलाही झाला, साबणाचाही आणि हॉटेलचाही.

कधी येवल्याला आलात तर आमच्याकडे या, मागावर बसवतो, एक बोटभर मुनिया, म्हणजे पैठणीवरचा छोटा पक्षी, विणून बघा, नकाशात एक चौकोन म्हणजे किती वेळ ते कळेल.

ओसाकातला_मिरजकर

मी अकरा वर्षं जपानमध्ये आहे, इथलं एक उदाहरण फार उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

इथे प्रत्येक घराण्याची खूण असते, कामोन म्हणतात. किमोनोवर ती पाठीवर, छातीवर, बाह्यांवर काढायची आणि ती काढणारे कारागीर वेगळे. त्यांच्याकडे मोनचो नावाचं पुस्तक असतं, गोल गोल खुणांची पानंच्या पानं. म्हणजे नमुन्यांचंच पुस्तक, पण ते बघितलं की कळतं की नुसतं उचलायला केलेलं नाही. एकच फूल घेतात आणि त्याचे पर्याय काढत जातात, वर्तुळात घातलेलं, पाठीमागून बघितलेलं, नुसत्या कडेचं, तीन फुलं तोंडाला तोंड लावून, वर्तुळाच्या खालून अर्धं डोकावणारं. थोरल्या घरातून धाकटं घर वेगळं झालं की खुणेत थोडा बदल करून घ्यायचं, नातंही दिसतं आणि वेगळेपणही.

मापही बघा. पुरुषाच्या किमोनोवर ही खूण साधारण ३८ मिलिमीटरची, बाईच्या त्याहून बरीच लहान, २१ च्या आसपास. एवढ्याशा जागेत लांबून ओळखू यायला हवी म्हणून रेषा कमी, आणि कंपास-पट्टीने काढलेली. मोबाइलच्या स्क्रीनवर जो प्रश्न आज आपल्याला पडतो तो यांनी कापडावर आधीच सोडवून ठेवलाय.

मित्सुबिशीचे तीन हिरे सगळ्यांना माहितीयत. ते हिरे नव्हेत, हिशि म्हणजे शिंगाडा. संस्थापक इवासाकीच्या घराण्याची तीन शिंगाड्यांची खूण आणि तो ज्यांच्या चाकरीत होता त्या तोसा प्रांताच्या यामाउची सरदारांची तीन ओकच्या पानांची खूण, या दोन्हींचा मेळ आहे तो. जुनंच घेतलं, पण स्वतःच्या घरातलं आणि मालकाच्या घरातलं घेतलं. तुमच्या नातवाने जो प्रश्न विचारला ना, आमचं काय त्यात, त्याचं उत्तर या लोगोत आहे.

रेषारेषा

सगळ्यांचे मनापासून आभार, चार दिवस उत्तर दिलं नाही कारण कामालाच लागले होते.

काका, तुमचा प्रश्न मी आजोबांना विचारला. क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले केवडा. सुरुवातीला दुसरा वासच नव्हता, आजी घरी बसून वळायची. नातवाला सुद्धा हे माहीत नव्हतं! गणपतीचे दिवस आहेत म्हणून मंडईत गेले आणि केवड्याची दोन कणसं घेऊन आले. पात सोडवताना बोटांना काटे लागले, पातीच्या दोन्ही कडांना असतात आणि मधल्या शिरेलाही खालच्या अंगाने असतात हे मला आजवर ठाऊक नव्हतं. पात सपाट नसते, मधे दुमडलेली, पन्हळीसारखी, आणि एकीच्या पोटात दुसरी अशी बसलेली. मग आईने ती वेणीत घालतात तशी घडी करून दाखवली, पात चिरून काटे काढायचे, उलटसुलट दुमडायची, वर टोक काढायचं. ती घडी म्हणजे तयार भूमिती होती, सरळ रेषा आणि एकच कोन. काका म्हणतात तो मूळ दांडा पण त्यात आहे, सगळ्या पाती खाली एकाच बिंदूत मिळतात.

पुस्तक मी उघडलं, पण चित्रं बघायला नाही, भारतीय प्लेटमध्ये एका आकारापासून दुसऱ्यापर्यंत मोकळी जागा किती सोडलीये ते बघायला. ती जवळजवळ सगळीकडे सारखी आहे, कुठे भोक पडत नाही, कुठे गर्दी होत नाही. तेवढं घेतलं. आणि धोटादादा, कडेचे काटे मी गुळगुळीत केले नाहीत, बाहेरच्या दोन पातींच्या कडांना बारीक दाते ठेवलेत.

नातवाला आधी सगळं खरं सांगितलं, ते फूल कुठून घेतलं होतं, का घेतलं होतं, आणि ते चुकलं हेही. छापून झालेल्या पुड्यांचा अर्धा खर्च मी देते म्हटलं. नवीन स्केच बघून तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला आजीची वेणी आहे ही.

आता सात पाती आहेत, उभ्या कणसासारख्या, मधली सगळ्यात उंच. पुड्यावर छान दिसतंय पण मोबाइलवर अगदी बारीक झालं की मधल्या पाती एकमेकींना चिकटतात. काय करू?

ओसाकातला_मिरजकर

सातच्या पाच करा, आणि बारीक मापासाठी वेगळं ड्रॉइंग ठेवा, तेच लहान करू नका. त्यात दाते काढून टाका आणि पातींमधली फट दीडपट करा. 

धोटा_आणि_कांडी

दाते काढू नका हो सगळे! एका बाजूला एक तरी ठेवा. काटा गेला तर केवडा कशाचा.

नोंदवही

नोंदणीच्या अर्जात मोठं ड्रॉइंग द्या, दात्यांसकट. आणि छापायच्या आधी तिसऱ्या वर्गात सर्च करून घ्या, केवड्याचं दुसरं कोणाचं आहे का ते.